हौसेचे गुंठे आणि वतनाची जमीन

नोकरीतल्या आपल्या माणसाला आता गावाकडे पाच-दहा गुंठे हवे असतात. चार आंब्याची झाडे, सुट्टीतला भाजीपाला. ही हौस वाईट नाही. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या, त्यांना स्वतःची माती हवीच. पण इसार देण्याआधी कायदा पाहा, असे आम्ही बजावतो.

1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीत 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 व बागायतीला 10 गुंठे प्रमाणभूत क्षेत्र आहे. मग एजंटाच्या पाच गुंठ्यांचा वेगळा सातबारा निघणार कसा?

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसला, तर जुने फेरफार काढा. ती 1958 च्या कायद्याने पुन्हा प्रदान झालेली महार वतनाची जमीन असू शकते. फार्महाऊसवाले अडलेल्या वतनदाराकडून नोटरीच्या कागदावर ती मातीमोलाने उपटतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना तो कागद टिकत नाही, पण वतनदाराचा ताबा मात्र जातो. तोच कागद आपणही करायचा काय?

1959 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला. बांधवांनो, हौस जरूर भागवा. भावाला भूमिहीन करून नको.