वीस टनांच्या गुंडाळीला पट्टे किती?

धावत्या बसच्या चालकाने अचानक ब्रेक दाबला की उभ्या प्रवाशांचा तोल पुढे जातो. त्यांना कोणी ढकललेले नसते. बस थांबू लागते, पण त्यांची शरीरे आधीची गती सोडायला तयार नसतात. जडत्वाचा हा परिचित अनुभव. आता प्रवाशाच्या जागी २० टनांची पोलादी पत्र्याची गुंडाळी आहे आणि तिच्यापुढे काही मीटरवर चालकाची केबिन आहे, अशी कल्पना करा.

अमेरिकेत असा माल सपाट तळाच्या, भिंती नसलेल्या ट्रेलरवरून नेतात. त्याला फ्लॅटबेड म्हणतात. हे काम करू इच्छिणाऱ्याला अवजड वाहनाचा परवाना लागतो. तो राज्यापुरता १८ व्या वर्षी मिळू शकतो. राज्याबाहेर माल न्यायचा तर वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्यांना नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेणेही सक्तीचे झाले आहे. मात्र ट्रक चालवता आला म्हणजे फ्लॅटबेड आला असे नव्हे. माल बांधणे हे येथे निम्मे काम असते, आणि ते बरेचसे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले आहे!

तेथील नियम सांगतो, की ट्रकचा वेग गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदनाने कमी झाला तरी माल जागचा हलता कामा नये. बाजूला आणि मागे हाच आकडा ०.५ आहे. पुढचा आकडा मोठा का? जोरात ब्रेक लावण्याचा प्रसंग कधीही येतो आणि तेव्हा माल पुढेच धावतो, म्हणून.

गुंडाळी न बांधता नुसतीच ठेवली, तर तिला थांबवणारे एकच बल उरते, ते म्हणजे तळाशी होणारे घर्षण. गुळगुळीत तळावर घर्षण गुणांक ०.२ धरू. म्हणजे ट्रकचे मंदन सेकंदाला सुमारे ८ मीटर प्रतिसेकंद, तर गुंडाळीचे फक्त २. फरक ६ चा. एका सेकंदात गुंडाळी ट्रेलरवरून ३ मीटर पुढे सरकेल आणि तेव्हा ट्रकच्या तुलनेत तिचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल. तिची त्या वेळची गतिज ऊर्जा काढा : ३,६०,००० ज्यूल. एक टनाची मोटार बाराव्या मजल्यावरून खाली पडावी, तेवढी! केबिनचा पत्रा तिच्यापुढे काय टिकणार?

मग वरून पट्टे आवळू या. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ४०० किलो वजनाइतका ताण दिला आणि पट्टा उभा असला, तर गुंडाळी ८०० किलोने जास्त दाबली जाईल. पट्टा तिरपा होऊन तळाशी ३० अंशांचा कोन करू लागला, तर दाब निम्माच उरेल, कारण ३० अंशांची ज्या १/२ आहे. पट्टा उभाच आहे असे मानू. ८०० किलोच्या दाबाने वाढणारे घर्षण ०.२ पट, म्हणजे अवघे १६० किलो. आपल्याला कमी पडतात (०.८ − ०.२) × २० = १२ टन. भागाकार करा. पट्टे लागतील ७५!

खाली रबराची चटई अंथरली आणि गुणांक ०.६ झाला, तर? आता कमी पडतात ४ टन आणि प्रत्येक पट्टा देतो ४८० किलो. नऊ पट्टे पुरतात. किरकोळ दिसणारी चटई छासष्ट पट्ट्यांचे काम करते.

प्रत्यक्षात गुंडाळीवर फक्त दाबाची भिस्त ठेवत नाहीत. ती उभ्या चाकासारखी ठेवली, तर सरकण्याआधी गडगडेल. म्हणून दोन्ही अंगांना लाकडी ओंडक्यांचा आधार देतात. मधल्या भोकातून साखळ्या तिरप्या ओवतात, म्हणजे त्या दाबण्याबरोबरच थेट मागे ओढूनही धरतात. साखळ्यांच्या सुरक्षित क्षमतेची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, असा नियम आहे. सुमारे ३ टन क्षमतेच्या साखळ्या वापरल्या तर २० टनांना निदान चार हव्यात. अनुभवी चालक जास्तीची एखादी टाकतो, आणि ते शहाणपणाचेच आहे.

बांधले की काम संपले, असेही नाही. पोलादी साखळी ताणली तरी काही मिलिमीटरच लांबते. वाटेतल्या हादऱ्यांनी लाकूड तेवढेच दबले, की साखळीचा सगळा ताण नाहीसा! वरवर पाहता मात्र साखळी जागच्या जागी असते. म्हणून पहिल्या ५० मैलांच्या (सुमारे ८० किलोमीटर) आत उतरून तपासणी करावी लागते. पुढे दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा. थंडीपावसात रस्त्याकडेला उतरून साखळ्या चाचपायला नवशिक्याला कंटाळा येतो. शिकवणारे याच बाबतीत कडक असतात.

घर्षण गुणांक तुम्हाला घरीही मोजता येईल. गुळगुळीत फळीवर स्टीलचा सपाट डबा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. डबा ज्या क्षणी घसरू लागेल त्या वेळी टोकाची उंची भागिले फळीचा आडवा पाया, हा झाला गुणांक. आता डब्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा आणि पुन्हा करून पाहा. मग फळी ओली करून पाहा, आणि पावसात निघालेल्या ट्रेलरसाठी पट्ट्यांचा हिशेब पुन्हा मांडा.