जटेच्या मुळाशी

जट असलेल्या डोक्यातल्या उवा काढायच्या म्हटलं की एरवीचं निम्मं शहाणपण बाद होतं. फणी मुळापर्यंत शिरत नाही. शिरलीच तर निघत नाही. कातर लावायची नसते. न्हाऊ घालावं तर नमद्यासारखी घट्ट झालेली जट आतून वाळायला अख्खा दिवस घेते, आणि पावसाळ्यात तीही खात्री नाही.

गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात यल्लमा देवीच्या नावाने जट राखणाऱ्या बायका अजून भेटतात. त्यांतल्याच एका आक्कांकडे मी गावच्या सिस्टरांबरोबर गेलो होतो. 'कापायचं बोलणार असशिला तर च्या पिऊन जावा,' असं आक्कांनी दारातच बजावलं. 'आईचं हाय ते.' मानेवर मात्र खाजवून खाजवून खपल्या धरल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, 'आईचं आईपाशी राहू दे. मी उवा बघायला आलेय.'

अंगणात उन्हाला तोंड करून पाट मांडला. आक्कांच्या खांद्यावर पांढरा पंचा टाकला, पडलेली ऊ दिसावी म्हणून. पाठीवर रुळणाऱ्या जटेला सिस्टरांनी हातही लावला नाही. आधी कानांमागे पाहिलं, मग मानेच्या खळगीत. ऊ जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. दिवसातून चार-पाच वेळा तिला रक्त लागतं आणि डोक्यापासून तुटली की एक-दोन दिवसांत मरते. लिखाही ती त्वचेला लागून, सहा मिलिमीटरच्या आत चिकटवते, कारण त्यांना ऊब हवी. म्हणजे कंबरेपर्यंत लोंबणारी ती भलीमोठी जट उवांच्या फारशी कामाची नाही. जे काही चालतं ते मुळाशी, बोटभर जागेत.

जटेत खालपर्यंत पांढरे कण दिसत होते. ते बघून मला शिसारी आली, सिस्टरांना नाही. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे मुळापासून लांबचे कण जुन्या, रिकाम्या लिखांचे. मोकळ्या केसांतल्या रिकाम्या लिखा फणीने निघून जातात, जटेत त्या अडकून वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्यावर औषध ओतणं वाया. हलणारी ऊ दिसते का, एवढंच पाहायचं. कानामागे दोन दिसल्या.

'आजवर काय लावलं?' या प्रश्नाला आक्कांनी रॉकेल आणि वाटलेल्या सीताफळाच्या बिया अशी दोन नावं घेतली. सिस्टर पहिल्यांदाच चिडल्या. बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि रॉकेल माखून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं! सीताफळाच्या बिया आमच्याही घरी वाटल्या जायच्या. आजीच्या बटव्याचं कौतुक करताना हे कुणी लिहीत नाही.

डोकं धुऊन पंच्याने टिपलं. मग 1 टक्का पर्मेथ्रिनचं लोशन, चोचीच्या छोट्या बाटलीतून. शाम्पूचा फेस जटेवरच बसून राहतो, पातळ लोशन खाली उतरतं. कंगव्याच्या टोकदार दांडीने दोन जटांमधली त्वचा उघडी करायची, चोच टेकवायची, बोटाने चोळायचं, पुढे सरकायचं. घाई केली की एखादा पट्टा सुटतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतलं, जट पंच्यात पिळली आणि आक्का उन्हात बसून राहिल्या. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात आणि हे औषध सगळ्या लिखा मारत नाही, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा हेच.

गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा पुण्यातल्या सलूनमध्ये हौसेने करून घेतलेल्या ड्रेडलॉक्सनाही उवांचं हेच गणित लागू पडतं. फरक इतकाच, की ते नियमित धुतले जातात आणि वेळ आली तर कापताना कुणाला पाप लागत नाही. ऊ केसांची स्वच्छता बघून येत नाही, सिस्टर म्हणाल्या. डोक्याला डोकं लागलं की येते. आक्कांना हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

जट मुळात होते तीही पुष्कळदा उवांपायीच. खाज, गुंता, विंचरायचा कंटाळा किंवा आजारपण, आणि मग कुणीतरी म्हणतं देवी आली. पोलंडमध्ये असाच विश्वास कित्येक शतकं होता: जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो. वैद्यकशास्त्रात जटेला आजही पोलंडचंच नाव चिकटलं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या युझेफ डिट्ल या डॉक्टरने तिच्याविरुद्ध मोहीम चालवली. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. मला विचाराल तर आक्कांचीही कापावी. पण खाजेला तोवर थांबता येत नाही.

निघताना सिस्टरांनी यादी सांगितली. घरातल्या सगळ्यांची डोकी आजच तपासायची, उशीचे अभ्रे आणि लुगडं गरम पाण्यात धुवायचं, नातीला शेजारी झोपवायचं नाही. आक्कांनी सगळ्याला मान हलवली, एका गोष्टीवर अडल्या. 'मंगळवार-शुक्रवारचा भंडारा न्हाई चुकवायची.' मुळाशी भंडारा आणि तेलाचा थर बसला की त्वचा दिसत नाही, असं सिस्टरांनी दोनदा सांगितलं. थोडी घासाघीस झाली. शेवटी नवव्या दिवसापर्यंत भंडारा कपाळाला आणि जटेच्या टोकाला लावायचा, मुळाला नाही, असं ठरलं.