पुस्तक मिटल्यावर

मार्च जवळ आला की परीक्षेच्या घरांत टीव्ही मुका होतो, पाहुण्यांना आडून आडून 'नंतर या' सांगितलं जातं. आतल्या खोलीत पोर पुस्तकासमोर बसलेलं असतं. स्वयंपाकघरातून हाक जाते, "वाचतोयस ना रे?" उत्तर येतं, "हो, तिसऱ्यांदा वाचतोय." आई निर्धास्त, पोरही निर्धास्त.

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात केप्लरचे तीन नियम येतात. तिसऱ्या वाचनाला ते इतके ओळखीचे वाटतात, की नजर त्यांच्यावरून घसरत पुढे जाते. आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दुसरा नियम लिहायला सांगा. 'ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा...' इथवर गाडी येते आणि अडते. समान काय? अंतर, वेग की क्षेत्रफळ?

ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लग्नात समोर आलेला चेहरा आपण झटकन ओळखतो, नाव मात्र काही केल्या आठवत नाही. पुन्हा पुन्हा वाचण्याने ओळख वाढते. मेंदू त्या ओळखीलाच 'येतंय मला' असं समजून बसतो. प्रश्नपत्रिका मात्र बहुतेक वेळा आठवायलाच लावते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक आकड्यांत दाखवला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सूर्य, समुद्री पाणमांजर अशा विषयांवरचे छोटे उतारे दिले. एका गटाने चार सत्रं नुसतं वाचन केलं. प्रत्येकाचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचलं, तेही सरासरी तीन-साडेतीन वेळा. उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के मुद्दे आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. गंमत म्हणजे आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला, तेव्हा सर्वांत जास्त भरवसा नुसतं वाचणाऱ्यांनाच होता.

हे कॉलेजच्या मुलांचं झालं, शाळेचं काय, असं कुणी म्हणेल. पण १९३९ सालीच हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यातल्या सहावीच्या ३,६०५ मुलांवर असाच अभ्यास केला होता. धडा वाचल्यावर लगेच ज्यांची चाचणी झाली, त्यांचं विसरणं मंदावलं. उशिरा चाचणी झालेल्यांनी तोवर बरंच गमावलेलं होतं.

असं का होतं? आठवण ही कपाटातल्या वस्तूसारखी नसते, की काढली, पाहिली आणि होती तशी परत ठेवली. ती शेतातल्या पायवाटेसारखी असते; जितक्यांदा तिच्यावरून जावं तितकी मळत जाते. पुस्तक उघडं ठेवून वाचणं म्हणजे वाट न तुडवता थेट मुक्कामी उतरणं. आठवताना होणारी ओढाताण अप्रिय असते, पण काम तीच करते. मात्र लिहून झाल्यावर पुस्तकाशी ताडून पाहायलाच हवं, नाहीतर चूकही तितकीच पक्की होते.

दुसरी गोष्ट अंतराची. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि मग तो मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, त्यामुळे धड्याला त्यांचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण एका बैठकीत चार तास घालवण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत वाटणं फायद्याचं, हे नंतर असंख्य प्रयोगांत दिसलं. परीक्षा जितकी लांब, तितकी दोन उजळण्यांमधली फट मोठी ठेवावी. थोडं विसरू द्यावं, मग आठवावं.

आपल्याकडे पाढे रोज संध्याकाळी म्हणवून घेत, तेव्हा नकळत हे दोन्ही साधत असे: पुस्तक मिटलेलं आणि रोजचा खंड. त्या पाठांतराचे गोडवे गाण्याचं मात्र कारण नाही. सतरा साते किती हे आलं, म्हणून गुणाकार कधी करायचा हे कळतंच असं नाही.

ते 'कधी' शिकण्यासाठी गणितांची सरमिसळ लागते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं दिली. काहींनी एकेका प्रकारची सलग सोडवली, काहींनी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने तेच आकडे २० आणि ६३ झाले! सलग सरावात कुठलं सूत्र वापरायचं हे आधीच ठाऊक असतं. परीक्षेत ते स्वतः निवडावं लागतं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत सरावसंचांबरोबर 'संकीर्ण प्रश्नसंग्रह'ही असतो. संकीर्ण म्हणजेच मिसळलेला. वेळ नाही म्हणून पुष्कळदा सोडून दिला जातो तो नेमका हाच.

राहिला पुस्तकात रंगीत रेघा ओढणारा हायलाइटर. त्याबद्दल एवढंच, की २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यांत अधोरेखन आणि पुनर्वाचन या दोन्हींना 'कमी उपयोगी' असा शेरा मिळाला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराने वाटणं या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत आल्या.

आतल्या खोलीतल्या पोराने आता पुस्तक पालथं ठेवलंय. दुसरा नियम अडला, म्हणून जागा सोडून तिसरा लिहिलाय. मग पान उलटून पाहतो: 'समान कालावधीत समान क्षेत्रफळ व्यापते.' सोडलेल्या जागेत तो तेवढंच लिहितो आणि वहीच्या कोपऱ्यात परवाची तारीख टाकतो.