मुखपृष्ठासाठी पिरॅमिड सरकला!

मासिक हाती आले की आपली नजर पहिल्यांदा पडते ती त्याच्या मुखपृष्ठावर. छान चित्र निवडले आणि छापले, की झाले मुखपृष्ठ! इतके का ते सोपे असते? चला, पाहू या.

पहिली अडचण आकाराची. मासिकाचे पान उभे, तर कॅमेऱ्यातील चित्र बहुधा आडवे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ मि.मी. रुंद व २४ मि.मी. उंच असते. 'नॅशनल जिओग्राफिक' या अमेरिकी मासिकाचे पान घ्या. ते सुमारे १७.५ सें.मी. रुंद व २५ सें.मी. उंच, म्हणजे रुंदी उंचीच्या ०.७ पट. आता गणित करा. चित्राची पूर्ण २४ मि.मी. उंची ठेवली, तर रुंदी घेता येते २४ × ०.७, म्हणजे जेमतेम १७ मि.मी. निम्म्याहून अधिक चित्र कापावे लागते! शिवाय वर मासिकाच्या नावासाठी मोकळी जागा हवी.

दुसरी अडचण रंगांची. एखादे रंगीत मुखपृष्ठ भिंगातून पाहा. बारीक ठिपकेच ठिपके दिसतील. शाया मात्र बहुधा चारच. पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते, किरमिजी हिरवा, तर आकाशी तांबडा. काळ्या शाईने सावल्या गडद होतात. म्हणून छपाईपूर्वी चित्राचे चार रंगांत पृथक्करण करतात. पूर्वी हे काम कॅमेऱ्याला रंगीत फिल्टर लावून होई. पुढे संगणक आले आणि चित्राचा कण न् कण अंकांच्या रूपात साठवला जाऊ लागला. अंक बदलले की चित्रही बदलते! येथेच एक मोह उभा राहिला.

फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी 'नॅशनल जिओग्राफिक'ने इजिप्तमधील गिझा येथील पिरॅमिडांचे छायाचित्र निवडले. पुढे उंटस्वार, मागे पिरॅमिड. छायाचित्रकार होते गॉर्डन गेहन. चित्र आडवे होते. उभ्या पानात पिरॅमिड नीट मावेनात. तेव्हा संगणकाच्या साह्याने एक पिरॅमिड चक्क दुसऱ्याजवळ सरकवण्यात आला! मुखपृष्ठ देखणे झाले, पण टीकेची झोड उठली. छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर असेच दिसले असते, असा बचाव संपादकांनी केला.

हा बचाव तपासून पाहू. डोळ्यांसमोर बोट धरा. आधी एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. बोट झटकन बाजूला सरकल्यासारखे वाटते. मागची भिंत मात्र जवळजवळ जागच्या जागी. तसेच छायाचित्रकार हलला असता, तर जवळचे उंट पुष्कळ सरकलेले दिसले असते, दूरचे पिरॅमिड थोडेच. उंट जागीच ठेवून केवळ पिरॅमिड सरकवणे ही निराळी गोष्ट. पुढे त्या मासिकानेही आपली चूक मान्य केली.

चित्रकाराने कल्पनेने काढलेल्या चित्रात पिरॅमिड कोठेही ठेवावेत. पण छायाचित्र पाहून वाचक म्हणतो, "हे असेच आहे." त्या विश्वासाला तडा जाता कामा नये.

आता तुम्हीच मुखपृष्ठकार व्हा. पुठ्ठ्यात ७ सें.मी. रुंद व १० सें.मी. उंच खिडकी कापा. जुन्या कॅलेंडरवरील आडव्या चित्रावर ती फिरवा. काय आत ठेवाल? काय बाहेर? आणि बाहेर राहिलेल्या भागामुळे चित्राचा अर्थ तर बदलत नाही ना? मित्रांशी चर्चा करून ठरवा!