मापाचा शत्रू

१८ सप्टेंबर १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी एक अजब भाषण केले. सोव्हिएत संघाविरुद्ध क्षेपणास्त्ररोधी कवच कसे कुचकामी आहे, हे त्यांनी आधी सविस्तर पटवून दिले. आपण कवच उभारले की ते आणखी क्षेपणास्त्रे उभारतील, दोघांचाही पैसा जाईल आणि दोघेही होते तिथेच राहतील. एवढे सांगून शेवटी त्यांनी कवच उभारण्याचीच घोषणा केली. ते कोणाविरुद्ध, तर चीनविरुद्ध. तेव्हा चीनकडे अमेरिकेपर्यंत पोहोचेल असे एकही क्षेपणास्त्र नव्हते.

कारण उघड होते. पुढचे वर्ष निवडणुकीचे होते, काँग्रेस आणि सेनाधिकारी कवचासाठी अध्यक्ष जॉन्सन यांच्यामागे लागले होते. खऱ्या शत्रूला अडवता येत नाही, मग कवचाला पेलवेल असा शत्रू शोधला गेला. गेल्या सहा दशकांचा अमेरिकी इतिहास पाहिला तर ही युक्ती पुन्हापुन्हा दिसते.

गंमत अशी की, कवच हवे म्हणणाऱ्यांनाही ते घराशेजारी नको होते. त्या काळच्या इंटरसेप्टरवर, म्हणजे येणारे क्षेपणास्त्र पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांवर, अण्वस्त्रेच बसवलेली असत. ती शिकागो, सिएटल, बॉस्टनच्या उपनगरांत येणार म्हटल्यावर तिथले रहिवासी चवताळले. नवे अध्यक्ष निक्सन यांनी मग शहरे सोडून क्षेपणास्त्रांच्या तळांचेच रक्षण करायचे ठरवले. १९६९ मध्ये सिनेटमध्ये ५०-५० मते पडली आणि उपाध्यक्ष ॲग्न्यू यांच्या मताने योजना तरली. १९७२ मध्ये मॉस्कोत अशा कवचांवर मर्यादा घालणारा एबीएम करार झाला. दोन्ही महासत्तांनी आपले बहुतेक नागरिक जाणूनबुजून उघडे ठेवण्याचे मान्य केले, कारण त्या उघडेपणातच परस्परांचा धाक होता. नॉर्थ डाकोटातला अमेरिकेचा एकमेव तळ १९७५ मध्ये सज्ज झाला आणि काही महिन्यांतच गुंडाळला गेला.

मार्च १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी नव्या कवचाने अण्वस्त्रे निष्प्रभ करण्याचे स्वप्न दाखवले. विरोधकांनी त्याला ‘स्टार वॉर्स’ म्हटले. दहा वर्षांत सुमारे ३० अब्ज डॉलर गेले, पण अंतराळात काही तैनात झाले नाही. १९८६ मध्ये रेक्याविक इथे अण्वस्त्रे संपवण्याच्या गोष्टीपर्यंत आलेले रेगन आणि गोर्बाचेव्ह याच मुद्द्यावर रिकाम्या हाताने परतले. जे अस्तित्वातच नव्हते, त्याने एवढा मोठा करार अडवला.

आता थोडे पदार्थविज्ञान, कारण सगळी मेख तिथेच आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा प्रवास अर्ध्या तासाचा. पहिली तीन ते पाच मिनिटे रॉकेट पेटलेले असते, ठळक दिसते. तेव्हाच पाडावे हे उत्तम, पण त्यासाठी जवळ असावे लागते. सैबेरियाच्या किंवा चीनच्या पोटातून सुटणाऱ्या रॉकेटजवळ पोहोचायचे तर अंतराळातूनच. आणि खालच्या कक्षेतला उपग्रह एका जागी थांबत नाही. नेमक्या क्षणी एक तरी डोक्यावर हवा असेल तर शेकडो फिरत ठेवावे लागतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या २००३ च्या अभ्यासाने हा आकडा एक हजार किंवा त्याहून अधिक असा दिला होता.

त्यानंतरची वीसेक मिनिटे निर्वात पोकळीतली. तिथे हवेचा अडथळा नाही, त्यामुळे जड अस्त्र आणि त्याच्यासोबत सोडलेला हलका फुगा सारख्याच वेगाने जातात. फुगे डझनभर सोडता येतात. कशात अस्त्र आहे हे दुरून ओळखायचे आणि ते सेकंदाला काही किलोमीटर वेगाने येत असताना धडकून फोडायचे. गार्विन आणि बेथे या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच या फसवेगिरीकडे बोट दाखवले होते. त्याचे निर्विवाद उत्तर आजही नाही. इस्रायलच्या आयर्न डोमचा दाखला इथे देतात, तो गैरलागू आहे. ती यंत्रणा जवळच्या पल्ल्याची रॉकेटे पाडण्यासाठी आहे.

ऑगस्ट १९९८ मध्ये उत्तर कोरियाने जपानवरून रॉकेट सोडले आणि मापाचा शत्रू पुन्हा सापडला. क्लिंटन यांनी निर्णय पुढे ढकलला. बुश यांनी २००२ मध्ये एबीएम करारातून अंग काढून घेतले. हे तुमच्याविरुद्ध नाही, असे रशियाला सांगण्यात आले. अलास्का आणि कॅलिफोर्नियात आज ४४ इंटरसेप्टर आहेत. आधी ठरवून घेतलेल्या चाचण्यांतही निम्म्याहून थोडेच अधिक नेम लागले. मार्च २०१८ मध्ये पुतिन यांनी अवानगार्द, सरमात वगैरे नवी अस्त्रे मिरवली, तेव्हा त्यांनी कारण म्हणून अमेरिकेच्या याच माघारीकडे बोट दाखवले. कवच लहान शत्रूसाठी, उत्तर मोठ्याकडून.

ट्रम्प यांच्या ‘गोल्डन डोम’ या कवचयोजनेने मात्र हा आडपडदाही दूर सारला आहे. जानेवारी २०२५ च्या आदेशात रशिया-चीनच्या तोडीचे शत्रूही आले. मे महिन्यात १७५ अब्ज डॉलर आणि तीन वर्षे, असा हिशेब सांगितला गेला. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज निव्वळ अंतराळातल्या इंटरसेप्टरांसाठी वीस वर्षांत १६१ ते ५४२ अब्ज डॉलर एवढा आहे, तोही उत्तर कोरियासारख्या देशाची एक-दोन क्षेपणास्त्रे अडवण्यापुरता!

आपण या गोष्टीचे नुसते प्रेक्षक नाही. मे २००१ मध्ये बुश यांच्या योजनेचे पटकन स्वागत करणाऱ्या देशांत भारत होता. नोव्हेंबर २००६ मध्ये डीआरडीओने पहिल्यांदा येणारे क्षेपणास्त्र हवेत पाडून दाखवले. पुढे दिल्ली आणि मुंबईला आधी कवच मिळणार अशा बातम्या आल्या. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने अनेक अस्त्रे वाहू शकणाऱ्या अबाबीलची चाचणी केली आणि प्रदेशात वाढणाऱ्या क्षेपणास्त्ररोधी यंत्रणांमुळे ती गरजेची ठरल्याचे जाहीर केले. मॅक्नामारांनी वर्णन केलेली साखळीच ही, फक्त अंतर फार कमी. कराचीहून मुंबईकडे निघालेल्या अस्त्राला अर्धा तास लागत नाही.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ या कवचाच्या मोहिमेची घोषणा झाली, मुदत २०३५. हे चक्र पाकिस्तानच्या मापाचे असेल की चीनच्या, यावर त्याचा आकार आणि खर्च दोन्ही अवलंबून आहेत. त्या भाषणात हे माप सांगितलेले नव्हते.