गिरवलं तर बिघडलं कुठे?

दिवाळीत उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद घेऊन ठिपके टाकणाऱ्या आईला आपण कधी 'चीटिंग' म्हणतो का? तिची रांगोळी बघून शेजारच्या काकूही 'वा!' म्हणतात. मग चित्रकारानं ट्रेसिंग पेपर काढला, की आपण नाक का मुरडतो?

सध्या आमच्या घरात हा विषय जाम तापलाय. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात माझी ताई राहते. तिच्या मुलाला आर्ट कॉलेजला जायचंय. पठ्ठ्या मोबाइलवर फोटो लावतो, वर पातळ कागद ठेवतो आणि झकास गिरवतो. दाजींनी ते पाहिलं आणि निकालच दिला, "ही तर नुसती कॉपी! याची फी कशाला भरायची?" तेव्हापासून पोरगं गप्प.

दाजी, जरा थांबा! तुमच्या जवळच्याच पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले एम. एफ. हुसेन उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तितकेच चौकोन मोठ्या कापडावर पाडायचे आणि एकेका घरातली रेघ मोठी करून उतरवायची, ही त्या धंद्यातली रोजची पद्धत. राजा रविवर्माही फोटोंचा आधार घेत. युरोपातले जुने मास्टर्स भिंगं आणि आरसे वापरायचे, असा दावा डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकारानं २००१ मध्ये 'सीक्रेट नॉलेज' या पुस्तकात केला. त्यावर तज्ज्ञांची भांडणं झाली, पण म्हणून त्या चित्रांची किंमत कुणी कमी केली नाही.

कारण चौकोन फक्त नाक कुठं येणार ते सांगतो. ते गालाच्या पुढं कसं आणायचं, सावली कुठं दाट करायची, कुठली रेघ सोडून द्यायची, हे चित्रकारालाच ठरवावं लागतं.

अर्थात, दाजी अगदीच चूक नाहीत बरं का! कायम गिरवत राहिलं, तर हात सफाईदार होतो, पण डोळा अंदाज घ्यायला शिकत नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्र काढायची वेळ येते, तेव्हा खाली मोबाइल नसतो.

म्हणून मी भाच्याला सोपा फंडा दिलाय. पहिलं चित्र गिरवून काढ. दुसरं नुसतं बघून. तिसरं दुसऱ्या दिवशी, आठवून. मग तिन्ही शेजारी ठेव. जिथं रेघ चुकली, तो त्या आठवड्याचा अभ्यास.

आणि दाजी, फीचं काय ते तिसरं चित्र बघून ठरवा!