तिच्या प्रश्नांच्या क्रमाने

सकाळी ७.३०

फोन दोनदा वाजून बंद होतो. नंबर ओळखीचा नाही. असा मिस्ड कॉल आला की मी लगेच उलटा फोन करत नाही. तिकडे फोन कुणाच्या हातात आहे हे कळल्याशिवाय ‘महिला कक्षातून बोलतेय’ म्हणणं म्हणजे तिला आणखी चार फटके बसायची सोय करणं. थोड्या वेळाने गावातल्या आशाताईचा फोन येतो. “मॅडम, आमच्या वस्तीवरची बाई हाय. तिनंच केला होता. नवरा रानात गेला की काळी-पिवळीनं निघते म्हणाली.” तिच्याशी बोलायचं झालंच तर आशाताईमार्फत, लसीकरणाची तारीख सांगण्याच्या निमित्ताने, असं आमचं ठरलेलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. तिथे मी समाजकार्यकर्ती आहे. मी पोलीस नाही आणि वकीलही नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष काढला. बाई ठाण्याची पायरी चढते तेव्हा तिचं ऐकून घेणारं, वर्दी नसलेलं एक माणूस तिथे बसलेलं असावं, एवढी साधी कल्पना. पुढे महिला व बालविकास विभागाने ती राज्यभर नेली.

आता एप्रिल आहे. कारखान्यांचा पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या, की आमच्याकडची वर्दळ वाढते. मार फडातही असतोच. पण परमुलखात, कोपीत राहणाऱ्या बाईला ना माहेर जवळ, ना एक दिवसाची सुट्टी. गावी आल्यावर निदान तालुक्याला यायची गाडी तरी असते.

९.४५

ठाण्यात जायच्या आधी एसटी स्टँडवर उतरते. महिलांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला आम्ही स्टिकर लावलेत: १८१ महिलांसाठी, ११२ तातडीच्या पोलीस मदतीसाठी, १०९८ मुलांसाठी आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. एक फाटलंय, ते बदलते. हेच नंबर ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहेत, पण तिथे उभं राहून ते वाचायची हिंमत फार थोड्या बायकांची होते. नवरा आणि सासू जिथे मागोमाग येत नाहीत अशा जागा मोजक्याच. स्वच्छतागृह, उपकेंद्रातली तपासणीची खोली आणि कॉलेजात मुलींची कॉमन रूम. माहिती तिथेच चिकटवावी लागते.

१०.३०

बाई आली. सोबत मावशी आणि कडेवर धाकटं लेकरू. डाव्या दंडावर पदर ओढून घेतलेला. मावशीच सगळं बोलायला लागते. त्यांना चहा सांगून बाहेर बाकावर बसवते आणि दार लोटून घेते.

नव्याने काम करणारी मुलगी असली की ती इथे कायदा सांगायला लागते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, अमुक कलम, तमुक हक्क. बाई मान हलवते आणि त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण तिने ते विचारलेलंच नसतं. तिचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो.

“ताई, आज रातच्याला म्या कुठं ऱ्हाऊ?”

मग लेकरं. मग, “त्याला आत टाकत्याल का?” आणि आमच्या भागातला चौथा प्रश्न, “उचल कोण फेडील?”

ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. बाई निघून गेली की राहतो अर्धा कोयता. पैसे नवऱ्याने घेतलेले असतात, बहुतेकदा खर्चूनही झालेले असतात, आणि फेड मात्र तिच्या हातांवर मोजलेली असते. म्हणून तिला परत आणायला नवऱ्याआधी मुकादमाचा माणूस माहेरी येतो. तिला मी सरळ सांगते, की कर्जापोटी कुणालाही जबरदस्तीने कामाला जुंपता येत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे. मुकादम दारात आला तर त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेव, मला कळव.

‘आत टाकण्या’चंही खरं ते सांगते. लोक अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव टाका’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण तक्रार दिली आणि त्याच संध्याकाळी नवरा कोठडीत, असं होत नाही. सहसा आधी नोटीस देऊन बोलावतात. काही बायका हे ऐकून निराश होतात, काहींच्या जिवात जीव येतो. ही दुसऱ्या प्रकारातली. “मार थांबावा, घर मोडू नये,” म्हणते. तिला २००५ चा कायदा जवळचा. त्यात न्यायालयाकडून मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे आणि मुलांचा ताबा मागता येतो, तेही नवऱ्यावर फौजदारी गुन्हा न नोंदवता. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून ती बाहेर, असंही आता सहज म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

मग कौटुंबिक घटना अहवाल. तो संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायालयात जातो. त्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा लागते, आणि तिला तारखा ठाऊक नसतात. संक्रांत माहीत असते. “वाणवसा झाला त्याच्या दुसऱ्या रोजी, वाढं बांधताना.” “थोरलीला ताप होता, गाडी भरायची ऱ्हायली, तवा.” मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर घेते आणि आम्ही दोघी सणांवरून मागे मागे जात तारखा लावतो. लैंगिक हिंसेचा रकाना मी सर्वांत शेवटी घेते, पेन खाली ठेवून. सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्याकडे अजून बलात्कार ठरत नाही. पण २००५ च्या कायद्यात ती हिंसाच आहे. ती खाली बघत म्हणते, “हे बी लिव्हत्यात व्हय?” लिहितात.

दुपारी १२.३०

ठाणे अंमलदाराकडून मेडिकल यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयात. दंडावर दोन वळ आणि पाठीवर जुना काळा-निळा डाग. केसपेपरवर काय लिहिलं जातं याकडे माझं लक्ष असतं. नुसतं ‘हाताला मार’ असं लिहिलेलं पुढे कोर्टात काही कामाचं नसतं. वळ किती सेंटिमीटरचा, रंग कोणता, कुठल्या बाजूला, मार कशाने लागला आणि ‘नवऱ्याने मारल्याचे सांगते’ ही ओळ, एवढं हवं. आजच्या डॉक्टर मॅडम नीट लिहितात. मावशीला सिस्टर आधीच बाहेर घेऊन गेली आहे. सोबतच्या माणसासमोर बाई ‘पडले’ असंच सांगते, हे तिला अनुभवाने माहीत आहे.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच जाणिवेतून. पोलिसांकडे न जाणारी बाईसुद्धा जखम घेऊन दवाखान्यात येतेच. तिथे तिला एकटीला बाजूला घेऊन कुणी विचारलं, तर ती सांगते.

१.४५

डबा. महिला पोलीस शिपाई भाकरी मोडता मोडता म्हणते, “मॅडम, दोघांना बोलवा आन मिटवून टाका. हमीपत्र घ्या.”

हमीपत्रांची एक फाईल आमच्याकडे आहे. ‘यापुढे त्रास देणार नाही, व्यवस्थित नांदवीन.’ खाली सही किंवा अंगठा, दोन पंच. त्याचा काही उपयोग नाही असं मी म्हणत नाही. चारचौघांत लिहून दिल्याची काहींना लाज वाटते. पण ते मोडलं तर पुढे काय? काहीच नाही, पुन्हा बोलावायचं. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, आणि पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. बाईला या दोन कागदांतला फरक कळलाच पाहिजे. तो कळल्यावरही ती हमीपत्र निवडत असेल, तर तो तिचा निर्णय.

३.००

आधी ठरलेली बैठक, दुसऱ्या एका जोडप्याची. नवरा एकटा यायचा होता. आलेत भाऊबंद, एक माजी सरपंच आणि आत्या. सगळ्यांना मी बाहेर बसवते. सरपंचांना राग येतो. आमचा नियम असा, की आधी बाईशी एकटीशी बोलायचं आणि समोरासमोर बसायची तिची तयारी असेल तरच नवऱ्याला आत घ्यायचं. मारणं चूक की बरोबर, हा बैठकीचा विषय नसतो.

या बाईला परत नांदायचं नाही. तिने यादी करून आणली आहे, वहीच्या पानावर, मुलीच्या अक्षरात. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, मुलांचे शाळेतले बोनाफाइड, शिलाई मशीन, माहेरहून आणलेली भांडी, डोरलं. नवरा डोरल्यावर अडतो. स्त्रीधन तिचंच, ते अडकवून ठेवणं हीसुद्धा कायद्याने आर्थिक हिंसा, हे त्याला सांगून होतं. तो आत्याकडे बघतो, आत्या सरपंचांकडे. शेवटी कागदपत्रं आणि मशीन आजच द्यायचं ठरतं. सोबत दोन पोलीस जातील. डोरल्याचं न्यायालयात मागू.

निघताना सरपंच मला बाजूला घेऊन म्हणतात, “ताई, तुम्ही घरं जोडायचं काम करा.” मी त्यांना चहा विचारते.

४.३०

कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे खुद्द काही वकीलही तिला सांगत नाहीत.

कायदा म्हणतो की अर्ज आल्यावर पहिली तारीख सहसा तीन दिवसांच्या आत असावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात गाडी अडते ती नोटिशीवर. आमच्याकडच्या नोटिशी दिवाळीनंतर परत येतात. शेरा असतो, ‘सदर इसम ऊसतोडीस बाहेरगावी गेला आहे.’ कुठल्या गावी? कुणाला माहीत नसतं. म्हणून आम्ही अर्ज शक्यतो एप्रिल ते सप्टेंबर या काळात लावून घेतो. अर्जात गावच्या पत्त्याबरोबर मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं नावही लिहितो. आणि वकिलांना पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागायला सांगतो. शपथपत्रावर, समोरचा हजर नसतानाही तो देता येतो. सकाळच्या बाईचे कागद तयार आहेत. उद्या संरक्षण अधिकाऱ्यांची सही.

सायंकाळी ६.००

तिचा पहिला प्रश्न अजून बाकी आहे. मावशीकडे एक रात्र निघेल, जास्त नाही. मावशीचा जावई नवऱ्याच्याच टोळीत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी वन स्टॉप सेंटर’ आहे. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि समुपदेशन, वकील, पोलिसांची मदत एका छपराखाली मिळते. त्यापुढे लांबचा मुक्काम लागला तर निवारागृह. जागा आहे का, थोरली मुलगी चालेल का, रात्री घ्यायला कोण येईल, हे सगळं फोनवर पक्कं करते. होतं.

ती विचारते, “थितं कुलूप लावत्यात का?” निवारागृहाची भीती बायकांना तुरुंगासारखी असते. म्हणून मी तिला तिथल्या केंद्र चालवणाऱ्या ताईंशी फोनवर बोलायला लावते. दोघी गावाचं विचारतात, कुणाची लेक ते निघतं. मग ती उठते.

रात्री ९.१५

फोन. शेजारच्या गावातून एक बाई, आवाज दबका. भिंतीपलीकडे मारहाण चालू आहे, लेकरं रडताहेत. मी ११२ लावायला सांगते. “लावते, पण माझं नाव येईल का? आमचा त्यांच्याशी बांध लागून हाय.”

हा प्रश्न मला बळी पडलेल्या बाईच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हिंसा झालीय किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं, असा कुणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. तिला तेवढं सांगते. ती फोन ठेवते. मी ठाण्यात रात्रपाळीला फोन करून गावाचं नाव देते. गाडी निघाल्याचं थोड्या वेळाने कळतं.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. मदत मागणाऱ्या १४ टक्के, आणि त्यातल्याही बहुतेकजणी गेल्या त्या आपल्याच माणसांकडे. पोलीस, वकील, माझ्यासारख्या कार्यकर्त्या यांची पाळी फार नंतर येते. तिला पहिल्यांदा भेटतात ते भाऊ, मावशी, आशाताई आणि भिंतीपलीकडची शेजारीण.

उद्या दुपारी बचत गटांची बैठक आहे. विषय त्यांनी ‘महिलांचे कायदे’ असा ठेवलाय. मी कलमांपासून सुरुवात करणार नाही. शेजारच्या घरातून आवाज आला तर आपण काय करायचं, कुठला नंबर लावायचा, ती बाई रात्री आपल्या दारात आली तर तिला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, आणि आपलं नाव येतं का, एवढं आधी सांगीन. कलमं विचारली तर सांगायला मी बसलेलीच आहे.